एका बोटानं दाखव

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

तलवाडा,
गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सत्यशीला हिस,

महादेवीचे अनेक आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे मजेत आहोत. विश्वेश्वरभावजींची आणि तुझी तब्येत बरी असेल. तुझ्या करिष्माच्या बाळाला माझा पापा दे.

थोरल्या जावेचं पत्र बघून तुला नवल वाटेल. तुम्ही वेगळे झाल्यापासून सोळा वर्षांत पहिलंच आहे. पण फोन केला की तू "दुकानात गिऱ्हाईक हाय" म्हणून ठेवून देतेस. किराणा दुकानात गिऱ्हाईक असतं हे मला ठाऊक आहे, तीस वर्षं मी तेच करते आहे. पण माझाच फोन आला की सगळं लिंबागणेश तुझ्या दुकानात लोटतं, हे काही मला पटत नाही. पत्राला तशी सबब सांगता येत नाही. शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

आमचे हे बरे आहेत. यंदा कापूस बरा आला, त्यामुळं गावात वर्दळ आहे. आणि खरी बातमी म्हणजे आपली शिवकन्या. दुकानामागची गुळाची खोली आठवते ना, जिथं आपण दोघी ढेपा फोडत बसायचो? तिथं तिनं दवाखाना थाटलाय. भिंतींना रंग दिला, लाईट ओढली, खिडकी मोठी केली. टेबल गावातल्याच सुताराकडून करून घेतलं, त्याची उंची स्वतः फूटपट्टी धरून सांगितली, कारण पेशंटवर नीट भार देता आला पाहिजे म्हणे. दारावर पाटी आहे : शिवकन्या चन्नप्पा शेटे, फिजिओथेरपिस्ट. ती पाटी मी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसते. धूळ नसली तरी पुसते.

पहिला महिना कुणी फिरकलं नाही. लोक म्हणायचे, "गोळी देत न्हाई, सुई देत न्हाई, मग दवाखाना कशाचा?" कुणी मालिशवाली म्हणायचं. लोकांचं कशाला सांगू, ती लातूरला शिकायला गेली तेव्हा मीच म्हणाले होते की साडेचार वर्षं घालवून पाय चोळायलाच शिकायचं असेल तर घरी माझे चोळ. मग एक दिवस पंडित ट्रॅक्टरवाला मान धरून आला आणि आठ दिवसांनी मान फिरवून फिरवून गावाला दाखवत हिंडला. आता सकाळी दुकान उघडायच्या आधी ओट्यावर माणसं बसलेली असतात. आमचे हे त्यांना आपणहून पाणी देतात. हेच ते, जे "पोरीनं परक्या माणसाच्या मांडीला हात लावायचा न्हाई" म्हणून दोन दिवस जेवले नव्हते.

मी लेकीचं कौतुक करायला लागले की थांबत नाही, हे तुला माहीत आहे. पण हे कौतुक तू ऐकायलाच पाहिजेस. का, ते पुढं लिहिते.

गेल्या संक्रांतीला मी दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि उजव्या अंगावर आदळले. मोडलं काही नाही. पण तेव्हापासून दुखायला लागलं. कूस बदलताना कळ, जीपमध्ये पाय टाकताना कळ, दुकानाच्या गादीवर एक पाय मुडपून बसले की अर्ध्या तासात उठता येईना. बीडला दाखवलं. त्यांनी मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढला आणि मणक्यातली गादी झिजलीय म्हणाले. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, वजन उचलू नका म्हणाले. चार महिने गोळ्या खाऊन माझं पोट बिघडलं, कळ आहे तिथंच.

शिवकन्यानं तो फोटो खिडकीशी धरून बघितला आणि म्हणाली, "आई, तुझ्या वयाच्या कितीतरी माणसांच्या फोटोत गादी झिजलेलीच दिसती. फोटोला कळ येत न्हाई, ती तुला येती. तू टेबलावर ये."

मी काही गेले नाही. आईनं लेकीपुढं आडवं पडायचं, हे मनालाच पटेना. शेवटी मे महिन्यात एका दुपारी मला खाली बसून उठताच येईना, तेव्हा तिनं हाताला धरून नेलं.

"कुठं दुखतंय?"

"कमरंत."

"कंबर एवढी मोठी हाय. एका बोटानं दाखव."

मी तळहात कमरेवर ठेवला.

"तळहात न्हाई, बोट. एकच बोट. जिथं कळ निघती तिथं."

सत्यशीला, मला पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बीडच्या डॉक्टरनं विचारलं ते आमच्या ह्यांना. हे म्हणाले कंबर, त्यांनी लिहिलं कंबर. दुखतंय ते कमरेच्या खाली, बसायच्या जागेच्या वर, तिथं बोट ठेवायचं म्हणजे लुगडं खाली सारून दाखवायचं. मी तिच्यावरच डाफरले, "लाज न्हाई का तुला? आईला असलं कशाला विचारती?"

ती उठली, बाहेर जाऊन बापाला म्हणाली, "बाबा, तुमी दुकानात बसा, मी बोलवल्याबिगर यायचं न्हाई." दाराला कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला आणि परत येऊन उभी राहिली. मग मी बोट ठेवलं. पाठीला जिथं खळी पडते ना, तिच्या जरा खाली, उजवीकडं. तिनं कागदावर माणसाची पाठ काढलेली होती, तिथं फुली मारली. मग कापसाच्या, पाव्हण्यांच्या गोष्टी काढल्या. थोड्या वेळानं पुन्हा, "दाखव बरं." बोट तिथंच गेलं. तिसऱ्यांदा विचारलं, पुन्हा तिथंच. तेव्हा तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं माझं दुखणं गेलंच.

आधी तिनं मणका बघितला. पुढं वाकवलं, मागं वाकवलं, पाय सरळ ठेवून वर उचलला, गुडघ्यावर हातोडी मारली. त्यातनं काही निघालं नाही. म्हणाली, "आता पाच परीक्षा हायेत. मी प्रत्येक वेळी एकच विचारणार, हीच का ती रोजची कळ? दुसरीच कुठली असंल तर तसं सांगायचं."

पहिल्यांदा उताणं झोपवून दोन्ही हातांची फुली केली, माझ्या कमरेच्या पुढच्या हाडांवर तळवे टेकले आणि बाहेरच्या बाजूला दाबलं. आली कळ, बारीक, पण तीच. मग उजवा गुडघा छताकडं उभा केला आणि मांडीवरून सरळ खाली भार दिला. मी अशी ओरडले की हे दाराशी आले. "बाबा, दुकानात!" म्हणून ती आतूनच गरजली. काय आवाज आहे पोरीचा!

मग कुशीवर वळवून वरच्या खुब्यावर दाबलं. तिथं मला काहीच झालं नाही. पण पोर एवढी घामाघूम होऊन दाबते आहे, तिचं मन मोडू नये म्हणून मी म्हटलं, "हो, दुखतंय."

ती थांबली. "रोजची कळ हाय?"

"न्हाई," मी म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून बोलले."

"मला बरं वाटायचं काम न्हाई, आई. तुझ्या अंगाचं तू खरं सांगितलं न्हाईस तर मी काय करू?" रागावली नव्हती. पण हे बोलणं माझ्या मनातून गेलं नाही, आजही नाही.

चौथ्या वेळी टेबलाच्या काठाला आणून उजवा पाय खाली लोंबता सोडला आणि डावा गुडघा छातीशी दाबला. कळ आली. पाचव्या वेळी पालथं झोपवून माकडहाडाच्या वर जे रुंद हाड असतं त्यावर तळहात ठेवून भार दिला. तीच कळ, अगदी तीच. पाचपैकी चार. ती म्हणाली, यातली एकटी परीक्षा कधी खोटं बोलते, तिच्यावर विसंबायचं नाही. तिघी जणी एकच सांगायला लागल्या की मग ऐकायचं. ते मागचं रुंद हाड आणि खुब्याचं हाड जिथं जुळतं त्या सांध्याचं माझं दुखणं होतं. मणक्याचं नव्हतं.

माझ्या समाधानासाठी तिनं मला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सगळं पुन्हा करून बघितलं, तिचा कागद वाचला. म्हणाले, आधी व्यायामच करा, नाहीच थांबलं तर त्या सांध्यात सुई देऊन खात्री करू. मग मला विचारलं, "हे कुणी तपासलंय?" मी म्हणाले, "माझ्या लेकीनं." डॉक्टर तिच्याकडं वळून म्हणाले, "चांगलं तपासलंय." सत्यशीला, तेवढे दोन शब्द मी एसटीत शेजारच्या बाईला सांगितले, उतरल्यावर पानवाल्याला सांगितले, आणि आता तुला सांगते.

दोन महिने व्यायाम केले. पाय मुडपून बसणं सोडलं, आता मी गल्ल्यावर खुर्चीत बसते. गिऱ्हाईकं चेष्टा करतात, करू देत. सुईची वेळ आली नाही. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपर्यंत खाली उतरले, दर्शन घेतलं आणि सगळ्या पायऱ्या चढून वर आले, कुठं टेकले नाही.

तिथंच तुम्ही भेटलात. आता जे लिहायचं आहे ते लिहिते. दोन पानं मी त्याच्याभोवतीच फिरते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

मी मागून येत होते. करिष्मा एक पाय वर ठेवायची, दुसरा त्याच पायरीवर ओढून घ्यायची, आणि उजवा हात मागं दाबून धरलेला. कमरेच्या खाली, नेमका तिथं. मी जवळ येऊन म्हणाले, "काय गं, काय होतंय?" पोरीनं तोंड उघडलं. तिच्याआधी तू बोललीस. बाळ तुझ्या कडेवर होतं. तू म्हणालीस, "ओटीपोटात दुखतंय तिच्या. बाळंतपणापासनं हाय. अठरा तारखेच्या मंगळवारी पिशवी काढायची हाय."

मी तशीच पुढं निघून गेले. तुला वाटलं असेल, थोरली अजून तोऱ्यातच आहे. तसं नव्हतं गं. तू जे बोललीस ते माझेच शब्द होते. बावीस वर्षांपूर्वीचे.

करिष्मा दोन वर्षांची होती. बाळंतपणापासून तुझं दुखत होतं, तू अंग वळवून वळवून उठायचीस. सासूबाई म्हणाल्या, थोरली बोलण्यात हुशार आहे, तीच नेईल दवाखान्यात. मला कोण आनंद! आपल्या घरात दहावी झालेली सून मी एकटी. डॉक्टरनं विचारलं, "कुठं दुखतंय?" तुझा हात मागं जायला लागला होता. मी तो धरला आणि तुझ्या मांडीवर आणून ठेवला. शेटेंच्या सुनेनं परक्या पुरुषापुढं तिथं हात न्यायचा, हे मला कसंतरीच वाटलं. मी म्हणाले, "ओटीपोटात दुखतंय डॉक्टरसाहेब, बाळंतपणापासून." तू माझ्याकडं बघितलंस आणि मान खाली घातलीस. पुढचं सगळं माझ्या शब्दावर झालं. ओटीपोट म्हटल्यावर त्यांनी पिशवी बघितली, थोडी सूज आहे म्हणाले, आणि आठ दिवसांत काढली. तू पंचवीस वर्षांची होतीस.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझं कौतुक केलं होतं, की थोरलीनं नीट सांगितलं. मी ते कौतुक मिरवलं.

आणि तीन महिन्यांनी तू चुलीपाशी मला हळूच म्हणालीस, "अक्का, दुखायचं तसंच हाय, थांबलं न्हाई." मी काय म्हणाले ते तू विसरली नसशील. मी म्हणाले, "पिशवीच न्हाई तर दुखंल कशानं? नाटकं बास कर." त्या दिवसानंतर तू मला दुखतंय म्हणून कधी सांगितलं नाहीस. पुढं घर वाटून तुम्ही लिंबागणेशला गेलात. लोक म्हणतात भावाभावांचं दुकानावरून बिनसलं. मीही चारचौघांत तेच सांगत आले.

कपिलधारहून आल्यावर हे सगळं मी शिवकन्याला सांगितलं. तिच्यापुढं बोलताना माझी मान वर होईना. मला वाटलं होतं, ती म्हणेल तुझी चूक नाही, नाहीतर म्हणेल तूच केलंस. ती म्हणाली, "काकूला तवा मी तपासलेलं न्हाई, म्हणून तवाचं मी काही म्हणणार न्हाई. पण काकू आज हाय. तिला आज तपासता येतं. आन् करिष्माचा तर अजून मंगळवार यायचा हाय."

मला त्या वेळी तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा अंबाजोगाईतही वाटला नव्हता. माझ्या पोटी आली आणि न तपासता बोलायचं नाही, हे कुठून शिकली कोण जाणे. माझ्याकडून नक्कीच नाही.

म्हणून हे पत्र तीच घेऊन येते आहे, शनिवारी सकाळच्या गाडीनं. तिनं मला बजावून सांगितलंय ते तसंच लिहिते : करिष्माचं दुखणं सांध्याचंच आहे असं ती म्हणत नाही. बाळंतपणानंतर तो सांधा पुष्कळ बायकांचा दुखतो, एवढंच म्हणते. आधी बोट कुठं जातं ते बघेल, मग पाचही परीक्षा घेईल. सोनोग्राफीचे कागद घेऊन सोमवारी तिला अंबाजोगाईला बायकांच्या डॉक्टरांकडं नेईल, त्यांचंही मत घेईल. दुखणं पिशवीचंच निघालं आणि काढणंच भाग असलं तर मंगळवारी ती स्वतः तुमच्यासोबत येऊन बसेल. पण चोवीस वर्षांच्या पोरीची पिशवी कुणाच्या तरी सांगण्यावरून जायची नाही, एवढा शब्द तिनं मला दिलाय आणि मी तुला देते.

तू तिला दारातून परत पाठवलंस तर ती परत येईल. मी तिच्यावर रागावणार नाही आणि तुझ्यावरही नाही. माझ्याशी आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल. तुला जे द्यायला पाहिजे ते माझ्यापाशी नाही. तुला अजून एक लेकरू हवं होतं, हे मला माहीत होतं. तू कधी म्हणाली नाहीस, पण शिवकन्याची वेणी घालताना तू किती वेळ लावायचीस ते मी बघत होते.

पण शनिवारी ती तपासायला लागेल तेव्हा एक कर. करिष्माला तिच्यासोबत खोलीत एकटीला सोड आणि दार ओढून घे. आतून पोरगी ओरडली तरी आत जाऊ नकोस. कुणी काही विचारलं तर तिचं तिला सांगू दे, चुकत माकत का होईना, वेळ लागला तरी. तू तोपर्यंत बाहेर बस. मला त्या दिवशी बाहेर बसता आलं असतं गं, दारापाशी बाकडं होतं.

तुझं बोलणं तुझ्या तोंडून काढून घेणारी,
महादेवी